होडीतली पुढची जागा

डेलमर रायनर्टसन हा सर्व बाजूंनी चांगला माणूस. गावच्या शाळेत भूमिती शिकवतो, दारासमोरचा बर्फ शेजाऱ्यांच्या आधी काढतो, चर्चमध्ये कार्यक्रमाला खुर्च्या मांडतो आणि कार्यक्रम संपला की कुणी न सांगता उचलूनही ठेवतो. त्याच्यात खोट एकच, आणि मिनेसोटात ती लपवता येत नाही. त्याला गळ टाकता येत नव्हता. दुसऱ्या एखाद्या मुलखात हे खपून गेलं असतं. इथं माणूस पाळण्यातून उतरला की तळ्यावर जातो, आणि तळं गोठलेलं असलं तर त्याला भोक पाडून बसतो. त्यातून डेलमरनं लग्न केलं ते व्हिकांच्या घरात, आणि व्हिकांच्या घरी भिंतीवर माणसांपेक्षा माशांचे फोटो जास्त आहेत.

व्हिकांची एक ॲल्युमिनियमची होडी आहे. मे महिन्यात वॉलआय माशांचा मोसम उघडतो त्या दिवशी ती लेक इंगेबोर्गवर जाते, आणि तिच्यात कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असतं. पुढच्या जागेवर डेलमरचे सासरे ओर्लिन व्हिक. मोसमातला पहिला गळ त्या जागेवरून पडणार. तोवर बाकीच्यांनी थर्मासचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. मागे मोटरीपाशी मेव्हणा रॉजर. आणि मधे, सामानात, डेलमर. त्याच्या मांडीवर सँडविचचा डबा. "अरे, खाण्याकडे बघणारंही कुणीतरी लागतंच की," असं त्याची बायको अर्डिस म्हणायची. ती हे मनापासून म्हणायची, म्हणून तर ते जास्त लागायचं.

यंदा ईस्टरच्या जेवणाला ओर्लिननं हॅम कापता कापता, कुणाकडेही न बघता जाहीर केलं, "या वर्षी मी मधे बसेन म्हणतो. गुडघे ऐकत नाहीत."

टेबलावर बटाटे फिरत होते ते जागच्या जागी थांबले.

"मग पुढे कोण?" रॉजरनं विचारलं. विचारतानाच तो खुर्चीत सरसावून बसला होता.

"बघू. मी सांगेन तिथं जो टाकेल, तो."

रॉजर हसला आणि त्यानं आणखी हॅम वाढून घेतलं. डेलमरकडे कुणी पाहिलंही नाही. वाईट हेतूनं नव्हे. बटाट्यांच्या भांड्याकडे जसं कुणी मत मागायला बघत नाही तसं. पण डेलमरनं त्या क्षणी मनाशी ठरवलं की ती जागा आपली. माणसाच्या आयुष्यात एखादी जागा अशी असते की जिथं त्याला स्वतःला बसलेलं बघायचं असतं. कुणाची ती विधानसभेत असते, डेलमरची होडीत होती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं गळाच्या दोन रॉड आणि दोरा गुंडाळायची दोन रीलं आणली. एक वापरायला आणि एक पहिलीचं काही झालं तर. दुकानदार त्याला नवशिक्याचं साधं रील दाखवत होता, पण डेलमरनं ओर्लिनसारखंच घेतलं. या रीलचा स्वभाव फार तापट. गळ हवेत सुटला की त्याची फिरकी गरगरा फिरायला लागते आणि तिला अंगठ्यानं आवरावं लागतं. अंगठा जास्त दाबला तर गळ पायाशी पडतो. कमी दाबला तर फिरकी गळाच्याही पुढे धावते आणि सगळा दोरा फुगून त्याचं घरटं होतं. जाणकार लोक त्याला घरटंच म्हणतात. त्यात बसायला पक्षी तेवढा कमी असतो.

पहिला प्रयोग दिवाणखान्यात झाला. नुसती रॉड हातात धरून बघू, कशी बसते ते, एवढाच विचार होता. पण नवी रॉड हातात आल्यावर ती न फिरवता खाली ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. डेलमरनं ती डोक्यावरून मागे नेली, तिचं टोक छताच्या पंख्यात गेलं, आणि पंखा चालू होता.

अर्डिस स्वयंपाकघरातून आली. तिनं पंख्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पदार्थ ओव्हनमध्ये आहे का हे आठवण्याएवढा वेळ घेऊन म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे, नाही?"

त्या मुलखात शिव्या देण्याची पद्धत नाही. घर जळताना दिसलं तरी लोक म्हणतील, आज तुमच्याकडे उजेड बरा आहे. 'वेगळं आहे' हा त्यांचा शेवटचा शब्द; त्यापुढे घटस्फोटच. डेलमर मुकाट्यानं रॉड घेऊन मागच्या अंगणात गेला.

अंगणात कडेकडेनं अजून बर्फाचे ढीग होते आणि तळी तर सगळी गोठलेलीच होती, त्यामुळे सराव करायचा तो गवतावरच. त्यानं कुत्र्याला आंघोळ घालायचा पत्र्याचा टब कुंपणापाशी ठेवला आणि त्यात पाणी भरलं. गळ पाण्यात पडल्याचा आवाज आला पाहिजे, नाहीतर हाताला कळणार कसं? गळाच्या जागी एक रबरी गोळा बांधला. मग भूमितीचा शिक्षक तो, त्यानं कोन काढला. वस्तू सर्वांत लांब जायची तर ती पंचेचाळीस अंशांत सुटली पाहिजे हे तो गेली कित्येक वर्षं फळ्यावर सिद्ध करत आला होता. गोळा सरळ वर गेला, तिथं थोडा रेंगाळला आणि डेलमरच्या मागे पडला. फिरकीवर घरटं झालं होतं ते वेगळंच. डेलमर पायरीवर बसला आणि घरटं सोडवायला लागला.

शेजारचा गॉर्डी कुंपणावर कोपरं टेकून हे बघत होता. गॉर्डी पोस्टातून निवृत्त झालेला आणि त्यामुळे सल्ला द्यायला पूर्ण वेळ मोकळा.

"अंगठा, डेलमर. सगळं अंगठ्यात असतं."

"अंगठाच वापरतोय मी."

"तू विचार करतोयस त्याचा. अंगठ्याला कळू द्यायचं नाही की आपण बघतोय."

पुढच्या आठवड्यात अख्ख्या गल्लीनं डेलमरच्या अंगठ्यावर आपापलं मत दिलं. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, अंगठा ओला पाहिजे. त्याची बायको म्हणाली, कोरडाच हवा, आणि ते दोघं तसेच आपसांत बोलत घरी गेले. पाद्रीबाबा म्हणाले, धीर पाहिजे. पण ते सगळ्यालाच तसं म्हणतात. वर्गातली मुलंसुद्धा डेलमर खडू उचलायला लागला की त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बघायची. एवढा अपमान होऊनही डेलमर रोज शाळा सुटली की अंगणात उभा राहायचा, टाकायचा, घरटं करायचा, पायरीवर बसून सोडवायचा आणि पुन्हा टाकायचा. गोळा टबाच्या आसपास पडायला लागला होता, हे मात्र खरं. एकदा तर टबावर टण्णकन आपटला. डेलमर आत जाऊन अर्डिसला सांगूनही आला.

"त्या रबरी गोळ्यानं काही होणार नाही," गॉर्डी एक दिवस म्हणाला. "वजन खोटं आहे त्याचं. खराखुरा लाकडी मासा लाव, गळासकट."

"गल्लीत गळ? कुणाला लागला म्हणजे?"

"गळाच्या टोकांना बुचं लाव की."

डेलमरला हे पटलं. पटायला नको होतं, पण बुचं लावलेला गळ दिसायला फार निरुपद्रवी दिसतो. त्यानं लाकडी मासा लावला, बुचं बसवली, आणि रॉड मागे नेऊन अशी सोडली की त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. अंगठा विसरला, फिरकी गायला लागली, मासा चकाकत टबावरून, कुंपणावरून, सदाहरित झुडपं ओलांडून पलीकडच्या अंगणात गेला. बुचं वाटेत कुठंतरी गळून पडली.

पलीकडच्या अंगणात त्याच वेळी लाव्हॉनबाई घरातून गाडीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या हातात मोठं भांडं, भांड्यात हॉटडिश: खाली खिमा, मधे मशरूमचं सूप, वर बटाट्याचे खरपूस गोळे ओळीनं लावलेले. चर्चमध्ये कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरचं जेवण होतं. भांड्याभोवती हातानं शिवलेली गोधडीची झूल बांधलेली होती आणि लाकडी मासा नेमका तिच्यात रुतला.

कुंपणाच्या अलीकडे डेलमरला एवढंच कळलं की दोरा अडकला. झुडपात असेल असं तो समजला. आणि रॉडबरोबर मिळालेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की अडकल्यासारखं वाटलं की रॉड जोरात उचलावी, मासाही असू शकतो. त्यानं उचलली.

हॉटडिश उडालं. बटाट्याचे गोळे झुडपांवर बसले, सूप गाडीच्या काचेवर गेलं, आणि झूल मात्र दोऱ्याला लटकत कुंपणावरून डेलमरकडे आली. त्याच्या आयुष्यातली ती पहिली पकड.

तो धावत गेला. "लाव्हॉनबाई! माफ करा, मला वाटलं झुडूप आहे!"

"छे छे, काही झालं नाही," लाव्हॉनबाई म्हणाल्या. त्यांच्या केसात मशरूम होतं. "तसंही जरा जास्तच केलं होतं मी."

"मी दुसरं करून देतो. अर्डिस करेल!"

"नको, उगाच कशाला. लोक काय, बिस्किटं खातील." आणि त्या रिकाम्या हातांनी अंत्यविधीला गेल्या. त्या रिकाम्या हातांबद्दल चर्चमध्ये सगळ्यांनी त्यांना विचारलं असणार, आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं असणार की काही झालं नाही. कसं काही झालं नाही, तेही सविस्तर सांगितलं असणार.

दोन दिवसांनी लाव्हॉनबाई स्वतः लिंबाच्या वड्या घेऊन आल्या आणि डेलमर काय ते समजला. तिथं तक्रार करणारा माणूस वड्या घेऊन येतो. अपेक्षेप्रमाणे दुपारी नगरपालिकेतून फोन आला.

फोनवरच्या बाईंचा आवाज फार गोड होता. "तुमच्या आवारात काहीतरी फेकलं जातं असं कळलं. धनुष्यबाण असेल तर मागे फळी लागते. घोड्याचा नाल फेकायच्या खेळाला काही लागत नाही. तुमचं काय आहे?"

"रॉड आहे. गळ टाकायचा सराव."

"म्हणजे मासेमारी. पाणी आहे का?"

इथं दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. पण डेलमर खोटं बोलत नाही. "टबात आहे," तो म्हणाला.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मग पंचाईत आहे. पाणी आणि गळ दोन्ही आहे म्हणजे मासेमारी झाली, आणि मोसम अजून उघडलेला नाही."

"पण टबात मासे नाहीत हो!"

"ते आमचा माणूस येऊन बघेल."

"मी पाणी ओतून दिलं तर?"

"मग मासेमारी नाही. पण मासेमारी नाही तर तुम्ही जे करता ते काय आहे, हे मला लिहायला लागेल, आणि त्याला आमच्याकडे रकाना नाही." मग त्या म्हणाल्या, "पाणी असू द्या. माणूस येईपर्यंत."

अर्डिसनं हे ऐकलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. ती हसत होती की रडत होती हे पाठीवरून कळत नव्हतं. डेलमरनं विचारायचं धाडस केलं नाही. बावीस मुलांना पायथागोरस शिकवणाऱ्या माणसावर बिनमोसमी मासेमारीचा आळ, आणि तोही कुत्र्याच्या टबात.

शनिवारी सकाळी नगरपालिकेचा माणूस आला. नाव व्हर्गिल स्टेन्सरुड, छातीवर बिल्ला, हातात कागद अडकवलेली पाटी. तो गंभीरपणे टबाशी वाकला, त्यानं पाण्यात बॅटरीचा झोत टाकला, बाजूनं पाहिलं, वरून पाहिलं आणि टब जरा हलवूनही बघितला.

"मासा दिसत नाही," तो म्हणाला.

"नाहीच आहे."

"तसं मी लिहितो." त्यानं लिहिलं. मग त्याची नजर पायरीला टेकून ठेवलेल्या रॉडवर गेली, आणि त्याचा चेहरा नोकरीतून सुटल्यासारखा झाला. "नवीन आहे? हातात घेऊन बघू? नुसतं वजन बघतो."

डेलमरला दिवाणखान्यातला पंखा आठवला, पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार? व्हर्गिलनं रॉड घेतली, दोनदा झुलवली, म्हणाला, "तुमचं चुकतं ते अंगठ्यात," आणि सोडली. लाकडी मासा मेपलच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. त्याच्यामागोमाग व्हर्गिलची सरकारी टोपीही गेली; ती केव्हा अडकली हे त्यालाही कळलं नाही.

"वाऱ्यामुळे," गॉर्डी कुंपणावरून म्हणाला. वारा नव्हता. "थांब, माझी रॉड आणतो. तुला दाखवतो."

मग सगळी गल्लीच आली. इतके दिवस नुसत्या अंगठ्यावर बोलून सगळ्यांचे हात शिवशिवत होते. गॉर्डीची रॉड आली, दातांच्या डॉक्टरांच्या दोन आल्या, एक ओल्या अंगठ्याची आणि एक कोरड्या. कुणी कॉफीचा मोठा थर्मास आणला. लाव्हॉनबाई आपल्या मेलेल्या नवऱ्याची रॉड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मी आपली बघायला आले. टबासमोर रांग लागली. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या टबासमोर, डेलमर रांगेत शेवटचा उभा होता. पण रांग सरकेना, कारण प्रत्येकाच्या रीलवर घरटं होत होतं, आणि जो तो ते डेलमरसमोर धरत होता.

"हे जरा बघतोस का? तुला सवय आहे."

आणि डेलमर बघत होता. या टोकाला नखानं किंचित ओढायचं, त्या वळणाखालून सोडायचं, घाई करायची नाही, कात्री मागायची नाही. तो वाकून एकामागून एक घरटी सोडवत होता, आणि त्याच्या ध्यानीमनी नसताना रस्त्यावर एक जुनी पिकअप येऊन थांबली. ओर्लिन व्हिक उतरला. तो लाव्हॉनबाईंच्याच चर्चमध्ये जातो, हे डेलमरच्या लक्षात आधीच यायला हवं होतं. मागोमाग रॉजरही उतरला, हातात कॉफी आणि तोंडावर तयार हसू.

"ऐकलं ते खरं म्हणायचं," रॉजर म्हणाला. "डेलमर, गळाला लागलं का काही? सूप वगैरे?"

ओर्लिननं टब पाहिला, मेपलवरची टोपी पाहिली, रांग पाहिली. मग डेलमरला म्हणाला, "टबात टाक."

लोक बाजूला झाले. पाठीमागे दार वाजलं आणि अर्डिस पायरीवर येऊन उभी राहिली. ईस्टरपासून ज्या क्षणासाठी डेलमर झटत होता तो आला होता, आणि त्याच्या अंगठ्याला ते पुरतं कळलं होतं. पहिली रॉड मेपललाच अडकली होती, म्हणून त्यानं लाकडी मासा लावलेली दुसरी उचलली आणि मागे नेली. सोडली. मासा दहा पावलांवर पडला आणि फिरकीवर आजवरचं सगळ्यात मोठं घरटं उमललं.

"वेगळं होतं," कुणीतरी हळूच म्हणालं. रॉजरनं कॉफीत तोंड घातलं.

डेलमरला पळून जावंसं वाटलं. पण घरटं झालं की पायरीवर बसायचं ही हातांना सवय लागली होती. तो अर्डिसच्या पायांशी बसला आणि सोडवायला लागला. सगळी गल्ली बघत उभी होती. त्याचे कान लाल झाले होते, पण बोटं शांत होती. एकेक वळण सुटत गेलं, दोरा सरळ झाला, त्यानं फिरकी हातानं भरून घेतली, उठला आणि कुणी न सांगता पुन्हा उभा राहिला. या वेळी तो अंगठ्याचा विचार करायला विसरला. तो अर्डिसचा विचार करत होता. ती आत निघून गेली नव्हती. मासा सुटला, सरळ गेला, आणि टबाच्या बरोबर मधे पडला. पाण्याचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

"बरं," ओर्लिन म्हणाला. व्हिकांच्या घरात यापुढे कौतुकाचा शब्द नाही. तो रॉजरकडे वळला. "तू घरटं झालं की काय करतोस?"

"कापतो. नवा दोरा भरतो. कोण बसणार सोडवत?"

"हं." ओर्लिननं टबाकडे पाहिलं. "पुढे बसलं की अर्धा दिवस वारा तोंडावर असतो. गुंते होतात. सकाळ त्यातच जाते." मग तो डेलमरला म्हणाला, "तू पुढे बसतोस का यंदा?"

त्या मुलखात कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं असतं. पुन्हा विचारलं तरी नको, कशाला उगाच, म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे मग, तुमचा आग्रहच आहे तर, म्हणून घ्यायचं. कॉफीला असंच, जागेला असंच, जावई व्हायलाही असंच. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस त्या गल्लीनं पाहिलेला नव्हता. गॉर्डी तर डेलमरच्या 'नको'साठी मान हलवून मोकळाही झाला होता.

"हो," डेलमर म्हणाला.

गल्लीचा श्वास अडकला. लाव्हॉनबाईंनी तोंडावर हात धरला. अर्डिस म्हणाली, "डेलमर!" आणि तिच्या आवाजात लाज होती तेवढाच अभिमान होता, अभिमान जरा जास्तच असावा, कारण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

ओर्लिननं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"माझ्या बापानं मला ती जागा देऊ केली होती," तो म्हणाला, "तेव्हा मी नको म्हणालो. त्यांनी परत विचारलं ते नऊ वर्षांनी."

आणि तो हसला. लग्नाला इतकी वर्षं होऊन डेलमरनं सासऱ्याचे दात पहिल्यांदा पाहिले.